पाच उत्तरांत तुझं उत्तर

आई, आज बर्लिनमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात तू दिसलीस. खिडकीच्या काचा वाफेने धुरकट झाल्या होत्या, शेगडीवर मक्याची कणसं उकडत होती, आणि कोलंबियाहून लेकीकडे राहायला आलेल्या एक आजी माझ्यासमोर बसल्या होत्या. आमचं ऑफिस लोकांच्या तब्येतीची जी पाहणी करतं, ती आता स्पॅनिशमध्येही होणार आहे. तिचं भाषांतर लोकांना कसं कळतं, ते घरोघरी जाऊन बघणं हे माझं काम. तब्येत एकंदरीत कशी आहे, याला पाच उत्तरं. जर्मनमधल्या ‘फारशी चांगली नाही’ला स्पॅनिशमध्ये ‘रेगुलार’, म्हणजे ‘ठीकठाक’, हा मवाळ शब्द घेतलाय. आजींनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. बटाट्यांची पिशवी घेऊन त्या आमच्यापुढे जिने चढल्या होत्या! माझ्या स्पॅनिश सहकारिणीने कारण विचारलं, तर म्हणाल्या, “उत्तम म्हणू? आणि उद्या आडवी झाले तर तू येणारेस का सूप करायला?”

सगळे हसले. मला मात्र तू आठवलीस. मावशी म्हणायची, “ताई, तब्येत छान झाली गं,” की तू लगेच, “लाव, दृष्ट लाव मेली,” म्हणत कानशिलावर बोटं मोडायचीस. तुझं उत्तर कायम एकच, बरी आहे. त्या शेवटच्या उन्हाळ्यात पोळ्या लाटता लाटता तू मध्येच स्टुलावर बसतेस, हात पिठाने पांढरे, धाप लागलेली. संध्याकाळी डॉक्टर विचारतात, “काय काकू, कशा आहात?” तू पदर सावरतेस. “बरी आहे.” ते पुढच्या पेशंटला हाक मारतात.

आमच्या ऑफिसातल्या जर्मन बाई हे ऐकून म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर, मग शब्द कडक करू, म्हणजे धडधाकट माणसं तो निवडणार नाहीत.” खरं आहे. पण तुझ्यासारखी कुणी, खरोखर आजारी असलेली, तीही तो निवडणार नाही, आणि निरोगी म्हणून मोजली जाईल. म्हणून मी सुचवलंय, शब्द कुठलाही घ्या, खाली एवढं विचारा: जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का? शुक्रवारी ठरेल.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. आज ऊ-बानच्या, इथल्या भुयारी रेल्वेच्या, जिन्यात मी कठडा धरून बराच वेळ उभी होते. लोक बाजूने वर जात होते, वरून पिवळा उजेड येत होता. घरी आल्यावर लेकीने विचारलं, “मामा, आलेस गूट?” आई, सगळं ठीक ना, असं तिच्या जर्मनमध्ये.

मी म्हणाले, बरी आहे.