अस्वल आधी कोणी पाहिलं

इत्तोक्कोर्तूर्मीत,
ऑगस्टमधला शेवटचा गुरुवार

प्रिय थोबियासदादा,

तुझ्या घरावर देवाची शांती असो आणि तासिलाकच्या चढांवर तुझे गुडघे शाबूत असोत. बिर्गिथेवहिनींचा खोकला, तुझी चौदा कुत्री आणि तुझा राग या तिन्हींची खुशाली कळव. पहिल्या दोहोंची मी रोज प्रार्थनेत आठवण काढतो, तिसऱ्याची काढायला धीर होत नाही. राग कशाचा ते आपण दोघंही जाणतो: माझ्या शेगडीमागच्या खिळ्यावर टांगलेल्या अस्वलाच्या कातड्याच्या विजारीचा. जो आधी पाहील त्याचं कातडं, हा आपल्याकडचा कायदा. ते अस्वल आधी मी पाहिलं, असं मी एकतीस वर्षं सांगत आलो आहे. तू त्यावर एकतीस वर्षं काहीच म्हणाला नाहीस, आणि तेच मला जड जातं. असो. आज दुसरंच सांगायला बसलो आहे.

या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी मी तोंड धुतलं, एक स्तोत्र पुटपुटलं, कॉफी प्यायलो आणि एक्केचाळीस माणसांना एका फ्रीजचे फोटो काढायला लावले. तुला कळलंच असेल की यंदा मी पाहुण्यांच्या जहाजावर टेहळ्या म्हणून लागलो. काम सोपं. जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दुर्बीण घेऊन उभं राहायचं आणि अस्वल दिसलं की ओरडायचं. (रविवारी चर्चमध्ये धडा वाचणाऱ्या माणसाला ओरडायचे पैसे मिळतात हे एमिलिएला अजून खरं वाटत नाही. घरी ती मला फुकट ओरडू देत नाही.) तर त्या सकाळी मला बर्फाच्या तुकड्यावर काहीतरी पिवळट पांढरं, खांदे पाडून बसलेलं दिसलं. मी ओरडलो. सगळं जहाज एका कडेला धावलं, कॉफीचे कप घरंगळले. लोथार नावाचा एक ऑस्ट्रियन आहे, त्याचा कॅमेरा सीलच्या पिल्लाएवढा जड. तो एकटाच चारशे वेळा खटखटला. मग नायजेल नावाचा इंग्रज शांतपणे म्हणाला, "याला दार आहे." जवळ गेल्यावर मी तो ओळखला. आपल्या पाळकसाहेबांचा फ्रीज. वसंतात मीच त्यांच्यासाठी तो उकिरड्यावर टाकून आलो होतो, समुद्राच्या जरा जास्तच जवळ. मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

त्या दिवसापासून मी ओरडलो की नायजेल विचारायचा, "एनोक, दार आहे का बघ आधी."

ही माणसं वाईट नाहीत, दादा, पण जनावराकडे बघण्याची त्यांची रीत वेगळी. केसाळ बैलाच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो हवा म्हणून लोथार त्याच्यासमोर पालथा पडला. बैलाने नाक फुरफुरवून खूर घासायला घेतले, तेव्हा मी लोथारला बुटाला धरून ओढत आणला. (बूट माझ्या हातात राहिला, म्हणून दोनदा ओढावा लागला.) शिंगवाल्या देवमाशांचे त्यांनी तीन दिवसांत सहाशे फोटो काढले आणि सगळे नुसत्या पाण्याचे निघाले. एका संध्याकाळी जेवताना एका बाईंनी विचारलं, तुम्हांला पांढरी अस्वलं आवडतात का? मी म्हटलं, फार. पण तीन तास तरी उकळावी लागतात, नाहीतर पोटात किडे होतात. टेबलावरच्या सगळ्यांनी मांसाची ताटं बाजूला सारली. मेत्ते म्हणजे आमची प्रमुख, कोपनहेगनची पोर. तिने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "एनोक, तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

नवव्या दिवसापर्यंत खरं अस्वल दिसलं नाही. लोथार जेवेनासा झाला. आणि मग दिसलं, पण मला नव्हे. हेंड्रिकाबाई म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक डच विधवा आहेत. तिकीट नवऱ्याने काढलेलं, तो वारला, म्हणून त्या आल्या. कॅमेरा नाही. सगळे पुढे गर्दी करतात म्हणून त्या मागच्या बाजूला हातमोजे विणत बसायच्या. मी कॉफी घ्यायला मागे गेलो, तर सुयांवरून नजर न हलवता मोडक्या डॅनिशमध्ये म्हणाल्या, "मुला, तिकडे बर्फावर कोणीतरी झोपलंय. उठवू नकोस."

अस्वलच होतं. या वेळी दार नव्हतं.

लोथार आणि नायजेल दोघंही धावत आले आणि आधी कोणी पाहिलं यावर जुंपली. लोथार म्हणे, मला सकाळीच तिथे सावली दिसली होती. नायजेल म्हणे, सावली तर फ्रीजलाही होती. शेवटी दोघं माझ्याकडे वळले: तुम्ही इथले, तुम्हीच सांगा. आता दादा, आपल्याकडे असं कोणी विचारलं तर त्याला उत्तर एकच असतं. मी क्षणभरही विचार न करता निवाडा दिला: अस्वल बाईंचं, कातडं बाईंचं. दुसरा पोचला लोथार, त्याला मागचा पाय. तिसरा नायजेल, त्याला पुढचा. मेत्ते पांढरी पडली. "एनोक, इथे कोणी कोणाला मारणार नाहीये!" मी म्हटलं, ते मलाही ठाऊक आहे, पण मालक कोण ते ठरायला नको?

हेंड्रिकाबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "माझं आहे ना? मग झोपू द्या त्याला. उठलं की प्रत्येकी एक फोटो. आणि मला विचारून."

खोटं वाटेल, पण त्या एक्केचाळीस माणसांनी ऐकलं. सव्वादोन तास जहाजावर सुयांखेरीज आवाज नव्हता. मी इतकी शांतता फक्त पवित्र शुक्रवारी अनुभवली आहे. मग अस्वल उठलं, जांभई दिली, आणि बाईंसमोर रांग लागली. "बाई, काढू?" "काढ." "बाई, मी?" "टोपी नीट घाल आधी, मग काढ." लोथारची पाळी आली, त्याने खटका दाबला, आणि कॅमेऱ्यात जागाच नव्हती. ती सगळी फ्रीजने खाल्ली होती. तो एकेक फ्रीज पुसत बसला, तोवर अस्वल पाण्यात उतरून निघून गेलं.

त्या संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, "आणि मुला, तुझं पहिलं अस्वल? ते कोणी पाहिलं होतं?" मी "हो" म्हणालो. मेत्तेने तसंच शिकवलं होतं. बाई हसल्या नाहीत. मी ताट अर्ध्यावर टाकून उठलो.

आम्ही आजच गावी परतलो. जहाज दुपारी तुझ्या तासिलाककडे निघेल. वहिनींना माझा नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
एनोक

ता. क. वर मी दुसरंच सांगायला बसलो असं लिहिलं आहे. ते खरं नाही. त्या सकाळी बर्फाच्या कपारीआड तू माझा खांदा दाबलास आणि बोट दाखवलंस. जनावर दिसलं की आवाज करू नये असं बाबांनी शिकवलं होतं, म्हणून तू गप्प राहिलास. मी ओरडलो. मागच्या स्लेजवरच्या सगळ्यांनी माझा आवाज ऐकला, तुझं बोट कोणी पाहिलं नाही. दर रविवारी लोकांसमोर उभा राहून मी 'खोटी साक्ष देऊ नको' वाचतो, आणि घरी येऊन तीच विजार चढवतो.

ता. क. २. विजार खिळ्यावरून काढली, तर एमिलिए म्हणाली, "कुठे निघाली?" मी म्हटलं, थोबियासदादाकडे. ती म्हणाली, "आत्ता? अहो, इतकी वर्षं मी ती शिवतेय, मला ठाऊक नव्हतं का कोणाची ते?" आणि तिने पायाची दुमड उलटून दाखवली. आत बोटभर नव्हे, वीतभर कातडं. आठवतं, ती मला किती लांब व्हायची? आई म्हणायची, राहू दे, वाढशील. मी तेव्हा अठराचा होतो, दादा. वाढणार कुठे होतो? आईने माप तुझ्या पायांचं घेतलं होतं, आणि मरेपर्यंत ती दुमड कापू दिली नाही.

ता. क. ३. कंबर माझ्या पोटासाठी दोनदा वाढवली आहे, ती आवळून घे. बुडाला कुत्र्याचं कातडं लावलंय, त्याकडे कानाडोळा कर. आता खरं काम: तुझी जुनी कुत्र्याच्या कातड्याची विजार फेकू नकोस, मला पाठव. हिवाळा तोंडावर आहे आणि माझ्याकडे घालायला काही उरलेलं नाही. तूच घेऊन आलास तर पोस्टाचा खर्च वाचेल, आणि बर्फावर बरोबर जाऊ. अस्वल दिसलं तर मी तोंड उघडणार नाही.

ता. क. ४. विजारीचं बोचकं मेत्तेकडे द्यायचं होतं, पण हेंड्रिकाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे दे, मी पोचवते. ज्याचं आहे त्याच्याच हातात." त्या धक्क्यावर उभ्या आहेत, त्यांना न्यायला रबरी होडी आली आहे, जहाज भोंगा देतं आहे आणि या ओळी मी त्यांच्याच पाठीचा आधार घेऊन लिहितो आहे. दोनदा मी बोचकं परत मागायला हात पुढे केला, दोनदा त्यांनी पुढे आलेल्या हाताला एकेक हातमोजा घातला. आता दोन्ही हात गरम आहेत आणि रिकामे. विजार गेली, दादा.