मीच टाकलं, साहेब

दि. ९, गुरुवार

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. तुझे पाय अजून सुजतात का? ताई तुला जिने चढू देत नाही ना? ती कुणाचं ऐकत नाही, तेव्हा तूच तिचं ऐक.

इकडे नेहमीचंच. कॉम्प्रेसर रुसतो, मी समजूत काढतो. तुझ्यापेक्षा जास्त नखरे त्याचे.

आठवडाभर फोन नाही म्हणून रागावली असशील. रागव, पण आधी ऐक.

तुला कधी सांगितलं नव्हतं. इथे मोबाइलला रेंजच नाही. आहे ते कंपनीचं नेट, आणि त्यावर व्हिडिओ कॉल बंद. आपण बोलायचो ते व्हीपीएनवरून. ते अ‍ॅप लावलं की आपण नेटवर काय करतोय ते कंपनीला दिसत नाही, असं मला सांगितलं होतं. माझ्या खोलीत एक वेल्डर आहे, सगळे त्याला ‘वादळ’ म्हणतात. त्यानेच ते माझ्या फोनमध्ये टाकून दिलं. मनाई आहे हे ठाऊक होतं, रुजू होताना सही केली होती. पण संध्याकाळी तू पोटावर फोन धरायचीस आणि मी येड्यासारखा ‘काय रे, जागा आहेस का’ विचारायचो, तेव्हा सही कुणाला आठवतेय!

गेल्या बुधवारी नेटवर्कच्या साहेबांनी बोलावलं. चहा मागवला. हा माणूस एरवी कुणाला पाणी विचारत नाही.

“बायको दिवसांत आहे ना तुमची?”

“हो साहेब.”

“मग तुमचं चालू राहू द्या. माझी हरकत नाही. फक्त हे कोण टाकून देतं आणि आणखी कोण वापरतं, तेवढं सांगा. बाळ झालं की त्याच दिवशी बघाल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मेमो. मेमोवाल्याला वर्षभर रजा नाही.”

खोटं कशाला बोलू, नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण वादळ त्याच अ‍ॅपवरून मुलीला पाढे शिकवतो. एवढा ओरडतो की मलाही सतराचा पाढा पाठ झालाय. तुला विचारावंसं वाटलं, पण विचारणार कसं?

“मी एकटाच वापरतो,” म्हटलं. “मीच टाकलं, साहेब.”

ते हसले. “तुम्हाला पासवर्ड बदलता येत नाही. परवा फोन घेऊन माझ्याकडेच आला होतात, तेव्हाच हे दिसलं.”

“आता शिकलो.”

त्यांच्यासमोर अ‍ॅप काढून टाकलं. मेमो घेतला. चहा तसाच राहिला.

म्हणजे, चिमणे, पुढच्या महिन्यात मी येत नाहीये. एवढं पान भरल्यावर आता कुठे हे लिहायचा धीर झाला. राजीनामा देऊन निघावं म्हटलं, तर करार संपल्याशिवाय सोडत नाहीत, आणि इथून बाहेर जाणारी एकुलती एक गाडी कंपनीचीच.

वादळला यातलं काही माहीत नाही. “काढून टाकलंस? एवढा भेदरट असशील वाटलं नव्हतं,” म्हणून भर जेवणात त्याने मला सुनावलं. खरं सांगितलं तर तो साहेबांच्या अंगावर धावून जाईल आणि आपणच अडकेल. म्हणून भेदरट तर भेदरट. ‘काही दिवस तूही बंद ठेव’ म्हटलं की हसतो. ‘माझ्या फोनवरून बोल’ म्हणतो. साहेबांची नजर आता आमच्या खोलीवर आहे. रोज संध्याकाळी तो पाढे सुरू करतो आणि माझा जीव टांगणीला लागतो.

हे पत्र रजेवर निघालेल्या आचाऱ्याबरोबर देतोय. तू उत्तर कंपनीच्या पत्त्यावर पाठव, पण यातलं अवाक्षर लिहू नकोस. इथे पाकिटं फोडून मग हातात देतात. मी केलं ते तुला पटलं की नाही, हे म्हणूनच मला कळायचं नाही. नसेल पटलं तर ताईजवळ बोलून टाक, मनात ठेवून झुरू नकोस.

बाळ कुणासारखं दिसतं ते सगळेच लिहितात. तू मात्र ते कसं रडतं ते लिही. ते वाचून पाकीट फोडणाऱ्याला काही कळणार नाही, मला मात्र ते ऐकू येईल.

तुझ्याजवळ असायला हवा होता, तो
तुझाच