लिंबाखालच्या चपला

आबा, तुमची लेक चाळिशीला आल्यावर कॉलेजात जाते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. गुन्हेगारीशास्त्र आणि सामाजिक न्याय, असा विषय आहे. वर्गातली पोरं मला मावशी म्हणतात आणि गावातल्या बायका विचारतात, "म्हातारपणी फौजदार व्हायचंय का काय?" रोज सकाळी कळंबला येते, तिथून धाराशिवची एसटी धरते. आज मात्र कळंबलाच थांबले. पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर हे लिहितेय. तुम्ही गावचे पोलीस पाटील, तेव्हा या बाकावर तुम्हीही पुष्कळदा बसला असाल. पण तुम्ही यायचात ते प्रकरण गावातच मिटलं म्हणून सांगायला.

मागं एकदा सरांनी घटनास्थळ शिकवलं. म्हणाले, आधी हात पाठीमागं बांधा आणि नुसतं बघा. वस्तू जिथं पडली तिथंच ती बोलते, उचलली की मुकी होते. सगळे भराभर लिहून घेत होते आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. मी दहा-अकरा वर्षांची आहे. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, पण ताटाला हात लावत नाही. त्याच सकाळी खालच्या आळीतल्या मोठ्या घरची सून विहिरीत सापडलेली.

"चपला कठड्यावर व्हत्या," तुम्ही म्हणालात.

आईचा हात थांबला. "कठड्यावर? आसरांच्या हिरीवर?"

त्या पाण्यात साती आसरा, पाण्याच्या देवी, राहतात, म्हणून आपल्याकडची बाई चपला अलीकडच्या लिंबाखाली काढते आणि मगच विहिरीकडं जाते. कठड्याला वहाण लागलेली चालत नाही. शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक. आई म्हणाली, "जीव द्यायला गेलेली बाईबी लिंबाखालीच काढील. ह्या दुसऱ्या कुणी ठिवल्यात. जल्मात घागर न उचललेल्या बाप्यानं."

"आता लिंबाखालीच हायेत," तुम्ही म्हणालात. "पोलीस यायच्या आधी म्याच ठिवल्या. पाय घसरला तिचा. पोरगी तर गेली, आता गाव कशापायी पेटवायचं?"

मग तुम्ही जेवलात. तामलवाडीहून तिचे माहेरचे आले, त्यांना तुम्ही आपल्या ओसरीवर चहा पाजला, तिच्या बापाच्या पाठीवरून हात फिरवला. जाताना तो तुमच्या पाया पडला. गावाला तुम्ही देवमाणूस वाटायचात, आणि मलाही. त्या दिवशी वर्गात मात्र मला तुमचा असा संताप आला की बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं.

त्या घरानं वर्षाच्या आत दुसरी सून आणली. आता त्या दुसरीच्या मुलाची बायको तिथं नांदतेय, जेमतेम विशीची. परवा आपल्याकडं विरजण मागायला आली, मनगटापर्यंत पदर ओढून. आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या कालेजात शिकवत्यात का, बाई मेल्यावर कुणाचं खरं धरत्यात?"

मी म्हटलं, "असं का विचारतीस गं?"

"काय न्हाय. मामंजी हसत हसत म्हणत्यात, ह्या घराला हिरीची सवय हाय." एवढं बोलून ती वाटी घेऊन निघून गेली.

आज सकाळी मी बसला निघाले, तर लिंबाखाली चपला. एकच जोड. घरोघरी नळ आल्यापासून त्या विहिरीकडं कुणी फिरकत नाही. मी पायातल्या चपलांसकट कठड्यावर धावले, आसरांनी माफ करावं. विरजण मागायला आलेली तीच पोरगी आत, विहिरीच्या खालच्या पायरीवर बसून पाण्याकडं बघत होती.

"घरी नळ आहे की," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"व्हय. पर हितं कुणी वराडत न्हाय."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, चल माझ्यासंगं. ओढावं लागलं नाही, ती आली. एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की ती अनवाणी आहे.

आता ती शेजारी बसलीय, पाय साडीत ओढून घेऊन. आतून अजून बोलावणं आलेलं नाही. तिच्या चपला तिकडं लिंबाखालीच आहेत. एव्हाना कुणीतरी बघितल्या असतील, विहिरीत गळ सोडले असतील, आणि घरची माणसं कठड्याशी उभी राहून रडायच्या तयारीत असतील. गळाला काही लागलं नाही, की ती आम्हाला शोधत इकडंच येतील. रस्त्यावर जीप वाजली की ती माझा हात दाबते. मलाही लई भीती वाटतेय, आबा.

हे पान मी फाडून टाकणार आहे. पण त्याआधी खरं सांगते. तुम्ही आज हयात असता, तर मी तिला इथं आणलंच नसतं. सगळं ठाऊक असूनही हाताला धरून तुमच्याकडंच आणलं असतं.