भाग एकेचाळिसावा

२७ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

बाबा पडले. अंगणात सुपाऱ्या वाळत घालता घालता.

एक वाजून दहा मिनिटांनी मी कँटीनच्या मागे उभी राहून मोबाइलवरचं बटण दाबलं, माझ्या ऑनलाइन कथेचा भाग ४१ प्रसिद्ध झाला. पावणेदोनला घरून आईंचा फोन. "विनिता, सासरो पडलो तुजो. उलयना गो." बोलत नाहीत म्हणे. मी तुयेच्या औषध कारखान्यातून हळर्णला घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. रुग्णवाहिका माझ्याआधी निघून गेली होती.

मधे पस्तीस मिनिटं. फक्त पस्तीस.

२९ नोव्हेंबर

बांबोळीच्या इस्पितळात तीन दिवस. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, वाचा गेली. जीव वाचला म्हणतात.

सिद्धेश मोपा विमानतळावरची ड्युटी सोडून बापासाठी व्हरांड्यात बसून आहे. विमानांच्या बॅगा उचलणारा माणूस, पण परवापासून पाण्याची बाटलीही मलाच उघडून द्यावी लागते. तो माझ्या खांद्यावर डोकं टेकवतो आणि मला वाटतं, आता ह्याला कळणार. काय कळणार? मी काय केलंय?

इथे तरी लिहिते. आमच्या वाड्याच्या वेशीवर राखणो आहे, वाडा राखणारा. देवचार. त्याचं नाव आम्ही घेत नाही. वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, तिन्हीसांजेला त्याच्या दगडापुढे रोट, सोऱ्याची म्हणजे दारूची बाटली आणि विड्या ठेवायच्या आणि बाबांनी गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं लिहायचं नसतं. तिथे मोबाइल न्यायचा नसतो. बायका मागे, पुरुष पुढे.

सहा वर्षं मी मागे उभी राहून ते ऐकलं. आणि माझ्या कथेत घातलं. त्या राखण्याला मी नायक केलं. एकेचाळिसाव्या भागात त्याने नायिकेचं, कमलाक्षीचं, चुंबन घेतलं.

१ डिसेंबर

कामावर गेले. पट्टीत एक गोळी फुटलेली दिसली तर अख्खी पेटी मी परत पाठवते. बीएस्सी आहे. अमुक केलं म्हणून तमुक झालं असं कुणी म्हटलं की मी हसते. आज चार फुटक्या गोळ्या माझ्या नजरेतून सुटल्या, त्या स्वातीने पकडल्या.

स्वाती गडहिंग्लजची, माझ्या शेजारच्या पट्ट्यावर. ती माझी कथा वाचते. माझी आहे हे तिला ठाऊक नाही. जेवताना सांगत होती, "त्यो राखणदार वेस वलांडून आला आन् मला रडूच कोसळलं बघ. किती वर्सं एकटा उभा हुता बिचारा! आता लगीन लावाय पायजे." आणि तिचा नवरा, अविनाश? "त्येला पिरेम नको. म्हनतो, ती पानं सोड आन् लढाई वाच. काल भांडलाच माझ्याशी. म्हनतो, ह्यो हिकडं मुके घेत बसला तर वेशीवर कोन हाय?"

खाली अभिप्रायांतही हेच भांडण. तीनशे जण. अर्धे म्हणतात, माणूस कर त्याला, संसार दे. अर्धे म्हणतात, भुताखेताची कथा म्हणून वाचायला घेतली, तुम्ही तिचा लग्नाचा हॉल केलात. एरवी मला गंमत वाटली असती. प्रेमवाल्यांना थोडं, जादूवाल्यांना थोडं, असं वर्षभर दोघांना खेळवत आणलंय मी.

वेशीवर कोण आहे? हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

५ डिसेंबर

बाबांना घरी आणलं. सगळ्याला मान हलवतात. पेज? हो. पाणी? हो. उशी काढू? हो. ठेवू? हो.

८ डिसेंबर

काशिनाथकाका आले. वाड्यातले वडीलधारे तेच आता. अंगणात बसले, चहाला हात लावला नाही.

"एकुणिसाक अमास. गारानें कोण घालतलो?"

घालायचं सिद्धेशने. त्याला येत नाही. बाबा दर वर्षी म्हणायचे, फुडल्या वर्सा शिकयतां. पिढ्यान् पिढ्या बापाने मुलाला तोंडी दिलेलं, आणि बापाचं तोंडच बंद.

"एक वर्स चुकलें जाल्यार?" सिद्धेशने विचारलं.

काका म्हणाले, "म्हज्या जल्मात चुकूंक ना. चुकलें जाल्यार तो वचत. मागीर वाड्याक कोण आसा?" राखणो निघून जाईल म्हणे.

आतून आईंचं रडणं ऐकू आलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. अख्ख्या वाड्यात ते गाऱ्हाणं एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. माझ्या कथेत, चुंबनाच्या वरच्या परिच्छेदात.

९ डिसेंबर

सांगितलं तर विचारतील कुठे लिहिलंस. दाखवलं तर वाचतील. आई वाचतील! हे घर मला हवं आहे. सिद्धेश हवा आहे. लग्न होऊन आले तेव्हा बाबांनी मला स्वतः स्कूटर शिकवली, हळर्णच्या किल्ल्याकडच्या चढावर. त्यांच्या राखण्याचं मी काय करून ठेवलं.

११ डिसेंबर

भाग ४२ लिहीत नाही. वाचक शिव्या घालतायत.

१३ डिसेंबर

सांगितलं. अर्धं.

"माका गारानें येता," म्हणाले. सिद्धेशने असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलले.

"तुका? कशें?"

"सहा वर्सां फाटीं उबी रावतां. कान आसात न्ही माका?"

त्याने मला घट्ट धरलं. तो रडला. कथेचं मी काही बोलले नाही. न्हाणीघरात कडी लावून भाग ४१ उघडला आणि गाऱ्हाणं कागदावर उतरवून दिलं. काशिनाथकाका आधी तयार नव्हते, मग म्हणाले, पाठ झालं की कागद जाळा. मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. चार पोळ्या खाल्ल्या.

१५ डिसेंबर, सोमवार

सिद्धेश स्कूटरवर म्हणतो, आंघोळीला म्हणतो. आज विहिरीवर दात घासता घासता शेवटची ओळ म्हणाला, आणि मी कळशी ठेवून ऐकत राहिले.

"आजवर तुवें आमकां राखलें. आतां आमी तुका राखूं."

ही बाबांची नाही. ही माझी आहे.

शेवटची ओळ बाबा दगडाशी वाकून, ओठांतल्या ओठांत म्हणतात. ती कुणालाच ऐकू येत नाही. ते सरळ झाले की सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, बस. कथेत तिथे काहीतरी हवं होतं म्हणून ती मी रचली. स्वातीसारख्यांसाठी रचली. कमलाक्षी ही ओळ म्हणते आणि राखणो राखणेपणातून सुटतो, वेस ओलांडतो, माणूस होतो. आणि उतरवताना मला ती खरीच वाटली. इतक्यांदा वाचली होती मी ती.

मला उलटी झाली. आईंना वाटलं वेगळंच काही. खूश झाल्या. देवा.

१६ डिसेंबर

बाबांपाशी एकटी बसले. हळूच ओळ म्हटली. विचारलं, "बाबा, हीच काय?"

मान हलवली. हो.

मग म्हटलं, "आज शनिवार न्ही?" मंगळवार होता. हो.

१७ डिसेंबर

सिद्धेशला सांगायला तोंड उघडलं. म्हटलं, ती शेवटची ओळ—

तो म्हणाला, "तीच गो! अंगार कांटो येता. बाबा इतलें बरें कितें तरी म्हणटालो आनी आमकां केन्नाच कळूंक ना."

त्याचा चेहरा बघून मी गप्प बसले. आता ओळ काढा म्हटलं की तो विचारणार, का. मग बाकीचं तरी खरं कशावरून? मग कथा. मग सगळंच.

स्वातीला सहज विचारलं, त्या राखणदाराला पुन्हा वेशीवर परत पाठवलं तर? "मग मी वाचायचीच न्हाय," म्हणाली. "एकदा सोडलेल्याला कोन परत बांधतं का?"

१८ डिसेंबर

आज कथा पुसून टाकली. एकेचाळीसच्या एकेचाळीस भाग. वाटलं होतं, हलकं वाटेल.

बाबांना परत विचारलं. परत हो म्हणाले. हो म्हणाले ना? माझ्या सासऱ्यांनी मला हो म्हटलंय. मी तेवढंच धरून बसलेय. उद्या सकाळी सांगेन सिद्धेशला. निघण्याआधी नक्की.

१९ डिसेंबर, अमावास्या

नाही सांगितलं.

बाबांना खुर्चीत बसवून वेशीपर्यंत उचलून नेलं. सिद्धेश एकदाही अडखळला नाही. शेवटी वाकला. ओठांत म्हणायचं असतं हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही, मोठ्याने म्हणाला. सगळा वाडा म्हणाला, व्हय म्हाराजा.

आणि बाबा बोलले. बावीस दिवसांनी. "न्हय." नव्हे.

क्षणभर कुणाला कळेना. मग आई ओरडल्या, काशिनाथकाकांनी दगडापुढे लोटांगण घातलं. "पावलो! राखणो पावलो!" सिद्धेश बापाला मिठी मारून हसत होता, रडत होता. बाबांचे डोळे त्याच्या खांद्यावरून बायकांच्या घोळक्यात फिरत होते. माझ्यावर येऊन थांबले. "न्हय. न्हय."

आता आई त्यांना पेज भरवतायत. दर घासाला ते तोच शब्द म्हणतात, आणि दर वेळी आई हसून शेजाऱ्यांना ऐकवतात.