वाकड्या भोकाचे मणी

३ मे
देवाच्या कृपेने सुखरूप पोचले. घर नदीला लागून, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, चूल धूर न करणारी. पलीकडच्या गावात जायला एकच लाकडी साकव. मालक डॉक्टर आशाबर एकटेच राहतात. डॉक्टर म्हणजे औषधांचे नव्हेत, दगडांचे. मला स्वयंपाक, धुणं आणि शिवाय नदीची वाळू धुवायची. लाकडी परातीत पाणी घालून गोल गोल हलवलं की हलकी वाळू निघून जाते, जड कण तळाशी राहतात. त्या कणांवरून वर डोंगरात कुठे कुठला खडक आहे, हे डॉक्टर इथे बसून सांगतात. कण किती कठीण ते एका बारीक कानशीने घासून बघतात. म्हणाले, नदी मोठी चहाडखोर, डोंगराचं सगळं खाली येऊन सांगते.

मी कॉफीत साखर घेत नाही म्हटल्यावर त्यांनी माझे दात पाहायला मागितले. छान आहेत म्हणाले. दूधवाली थ्रेस हे ऐकून इतकी हसली की दूध सांडलं. म्हणते, अगं बाई, त्यांनी घोडी विकत घेतली की काय!

माझी धाकटी बहीण फ्रोनी गेल्या वर्षी याच घरात कामाला होती. डॉक्टर म्हणतात, घड्याळं विकणाऱ्या एका बव्हेरियन माणसाबरोबर पळून गेली. फादरांनी प्रार्थनेतून तिचं नाव काढलं, तेव्हापासून आईने अंथरूण धरलंय. मला न विचारता मोजेसुद्धा न घेणारी पोर ती. खरं काय ते कळावं म्हणूनच ही जागा मी मागून घेतली.

१२ मे
पाण्याने बोटं सोलवटली. चरबी चोळून झोपते.

आज पेटीतली माळ डॉक्टरांना दाखवली. लाल तामडा दगडाचे मणी, आजोबांनी स्वतः भोकं पाडलेले. दोन्हीकडून भोक पाडत येत आणि मधे ते नीट जुळत नसे, म्हणून प्रत्येक मण्यात सुई अर्ध्यावर अडते. आईने अर्धी माळ मला दिली, अर्धी फ्रोनीला. डॉक्टरांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. म्हणाले, हा तामडा खिंडीपलीकडच्या खडकातला. आपल्या नदीत असा एक कण सापडायचा नाही. रोज घालत जा म्हणाले, पेटीत ठेवून काय लोणचं घालायचंय?

किती आपुलकीने बोलतात. रात्रीच्या प्रार्थनेत त्यांचंही नाव घेतलं.

२ जून
घराजवळ नदीला मिळणाऱ्या पश्चिमेच्या ओढ्याची वाळू धूत होते. तळाशी एक लाल मणी. झिजलेला, पण भोक असलेला. सुई घातली.
अर्ध्यावर अडली.

६ जून
आणखी तीन मिळाले, सगळे त्याच ओढ्याच्या वाळूत. माझी फ्रोनी पळाली नव्हती. ती वर त्या ओढ्यात पडली, आणि गावाने तिला नावं ठेवली. खूप रडले, मग देवाचे आभार मानले. हे मणी कुठून आले ते डॉक्टरांनी फादरांना लिहून दिलं की तिच्या नावाची घंटा वाजेल. आईला उठून बसता येईल.

पुराने साकव वाहून गेलाय. नवा होईतो फादरांकडे जाता येणार नाही, तोवर उद्या न्याहारीला डॉक्टरांना दाखवते.

७ जून
दाखवले. कोणाचे, असं त्यांनी विचारलंच नाही. नकाशा आणायला धावले. टाळ्या पिटल्या. एवढ्यात खाली येतील असं वाटलं नव्हतं म्हणाले, तीन वर्षं तरी धरली होती. बाई, तुमच्या हाताला यश आहे!

मी विचारलं, तुम्ही वाट बघत होता?

ते पावाला लोणी लावत होते. म्हणाले, परक्या खडकाचे मणी ओढ्यात सोडले की डोंगर किती भराभर खाली येतो ते कळतं. पण नुसती माळ पहिल्याच लोंढ्यात जाते हो. तिला वजन लागतं.

मग म्हणाले, पश्चिमेचं झालं. आता पूर्वेचा ओढा राहिला. अंडं जरा जास्त शिजलंय आज.

८ जून
साकव नाही. पाण्यात उतरून पाहिलं, कमरेपर्यंतही उभं राहवेना. पलीकडे थ्रेस दिसली. दोन्ही हात हलवले, ओरडले — पाण्याच्या आवाजात काही पोचेना. तिने हसून डोक्यावरचा रुमाल हलवला. मग पाण्याचा आवाज क्षणभर कमी झाला तेव्हा ऐकू आलं — नाचतेस काय गं भवाने, नवरा मिळाला की काय?
आणि गेली.

९ जून
माझी माळ तोडली. सगळे मणी इथेच, घराखालच्या पाण्यात फेकले. माळच नाही तर वजन कशाला लागेल?
फ्रोनीचे चार तेवढे मुठीत आहेत. देवमाते, हे आईला —

संध्याकाळ
रिकामा दोरा त्यांनी पाहिला. रागावले नाहीत. हसले.
मी दाराला आतून पेटी लावलीय. बाहेरून बोलतायत, अगदी गोड — काही बिघडलं नाही हो बाई. मणी हरवतात. दात झिजत नाहीत. त्यांच्यावर एक बारीक खूण केली की झालं —
कडी निघाली. पेटी सरकतेय. हातात ती कानस —
म्हणतात, आ करा बा