पपनसाला सांगायचं राहिलं

लुआ,

मी बोटीने सादेकला रोपं आणायला गेलेय. दुपारपर्यंत येईन. भात झाकलाय, खापरातली मासळी तेवढी गरम करून घे.

काल तू म्हणालीस, "आई, आता एकटीला बाग कशाला? सायगॉनला चल." तेव्हा माझ्या डोक्यात रोपंच घोळत होती. कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढलाय, बघ. कालव्याकडेला दोन आंबे, रांजणाजवळ लिंबू, मागच्या दारी नवं पपनस. खोडून खोडून चार महिने वाया घालवले, म्हणजे चार पानं गं! फार दिवसांनी मजा आली.

जुनं पपनस वाळलं ते आपल्याच चुकीने. तुझे बाबा गेले तेव्हा आपण कपाळाला बांधली तशीच दुखवट्याची पांढरी पट्टी प्रत्येक झाडाला बांधून सांगितलं, तुमचा मालक गेला. मागच्या दारचं तेवढं विसरलो. बिचारं त्यांची वाट बघत सुकलं.

माझ्या वेळी तसं नको. पट्ट्या कापून शिवणाच्या डब्यात ठेवल्यात, आजच्या रोपांच्याही धरून. लांब आहे ती तुझ्या कपाळाची. मागच्या दारापासून सुरुवात कर.

आई