चेष्टा न करणारी मुलगी

मयूर विहार, दिल्ली
मंगळवार, २८ जानेवारी १९९७

तीर्थरूप काकासाहेबांस, प्रज्ञाचा दिल्लीहून वाकून नमस्कार. आपल्या गुडघ्याचे खरे वर्तमान काकूंनी कळवावे; आपण नुसते 'ठीक' लिहिता.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. तनया कथकच्या वर्गात चेष्टा करते, असे मी कळवले होते. ती चेष्टा करत होती हे खरे, पण ती चेष्टा नव्हती. क्रमाने सांगते.

आमच्या सोसायटीच्या तळघरात मुलांसाठी शाळेनंतरचे एक केंद्र निघाले आहे. (इकडे हल्ली दर महिन्याला काहीतरी निघते.) कोणत्या वयाला काय पेलते, याचा तक्ता तिथे भिंतीवर आहे. तो मी पट्टीने रेघा मारून उतरवून घेतला. तनयाला सहा वर्षे पुरी व्हायला एकवीस दिवस कमी होते, म्हणून वय तारखेने धरायचे की तिथीने, असे मी तिथल्या बाईंना विचारले. तिथीने ती बसत होती. त्या म्हणाल्या, "जैसा आप चाहें." एवढ्या गंभीर प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, म्हणून मी एकवीस दिवस थांबले.

तक्त्यात सहा ते आठ ही 'अनुकरणाची अवस्था' आहे आणि तिच्यापुढे नृत्य लिहिले आहे. त्यामुळे नृत्य शिकवणाऱ्या विश्वनाथजींनी वहीत 'तनया बहुत चेष्टा करती है' असा शेरा दिला, तेव्हा मला नवल वाटले नाही. अनुकरणाचीच अवस्था, मास्तरांची नक्कल करत असणार. तरी लाज वाटली, आणि मी आपल्याला लिहिले. (वही यांना दाखवायला हवी होती, हे दिल्लीतच वाढलेले. पण मुलीची तक्रार बापाच्या जेवणाआधी सांगू नये ही आपल्या घरची रीत, आणि जेवणानंतर हे झोपतात.)

आपण कळवलेत की रोज घरातून निघताना बजावावे. मी बजावले. तीन आठवडे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर: "आज चेष्टा करायची नाही. बिल्कुल नाही." ती मान हलवून "हो" म्हणायची. मग शेरा आला, 'अब बिल्कुल चेष्टा नहीं करती.' मी काजू घालून शिरा केला आणि वर्गात डबा पाठवला.

काल आभार मानायला गेले. बाकीच्या मुली पाय आपटत होत्या. तनया घुंगरू बांधून, हात मागे घेऊन, कोपऱ्यात उभी होती. एकही घुंगरू वाजत नव्हते.

विश्वनाथजी म्हणाले, "बहनजी, हलवा बढ़िया था. पर बच्ची को हुआ क्या है? सबसे ज़्यादा चेष्टा यही करती थी. गिरती थी, फिर उठती थी."

मी अभिमानाने सांगितले की घरी समज दिली आहे.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आपने कोशिश करने से मना किया?"

काकासाहेब, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. (आपला दोष नाही. मी रोगच चुकीचा सांगितला, औषध तर लागू पडले.)

येताना जिन्यात तिला विचारले. ती म्हणाली, "सर म्हणतात चेष्टा करो, तू म्हणतेस नको. मग मी तुझं ऐकलं." दोन पायऱ्या चढून थांबली. "पण आई, मनातल्या मनात थोडी केली. ते चालतं का?"

मी कुलूप उघडत राहिले.

काकूंना नमस्कार.

आपली
प्रज्ञा

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. चौथीपर्यंत मी आपल्याजवळ घरीच शिकले. मोठ्यांपुढे चूक कशी कबूल करायची ते आपण शिकवलेत. मोठ्याने लहानापुढे ती कशी कबूल करावी, हा धडा राहिला. आपल्या घरात तसे कुणी केल्याचे मला आठवत नाही. शब्द सुचवावेत.

ता. क. दुसरे. पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात तनया बुटांचे बंद लोंबकळत ठेवून समोर आली. ते तिला परवापरवापर्यंत बांधता येत होते. "तूच बांध," म्हणाली, "माझ्याकडून चेष्टा होईल." टपालाला जायला पाच दिवस, यायला पाच. शब्द आले की ठेवून देईन. उद्या बुधवारी, एकोणतीस तारखेला, सव्वादोनला तिची बस येते. फाटकापाशीच सांगते.